गावचे सूत, गावचा माल

वसई-विरारच्या बागायती पट्ट्यात फुलांचा दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. मोगरा, जाई, कागडा, सोनचाफा यांची तोडणी शक्य तो अंधारातच उरकावी लागते. कारण उन्हे वर आली की कळी उमलू लागते व बाजारात तिची किंमत उतरते. टोपल्या भरून हा माल पहाटेच्या गाड्यांनी दादरच्या फुलबाजारात जातो. काही फुले सुटी विकली जातात, काहींचे गजरे व वेण्या घरीच गुंफल्या जातात. फुलाची जात, तोडणीची वेळ आणि त्या दिवसाचा भाव यांविषयी येथील बागायतदार मोठ्या जाणकारीने बोलतो. परंतु ज्या दोऱ्यात ही फुले गुंफली जातात तो दोरा कोठून आला, याची चौकशी सहसा होत नाही.

ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. गजऱ्याला लागणाऱ्या दोऱ्याची किंमत ती काय! तथापि ज्या घरी दोऱ्याचे रीळ दुकानातून आणले जाते, त्याच घराच्या परसात लोंगर उतरविलेल्या केळीचे बुंधे पडून कुजत असतात, आणि त्या बुंध्याच्या सोपात दोरा तयारच असतो. गावात निर्माण होणारी वस्तू गावालाच दिसेनाशी होणे, हा प्रकार केवळ दोऱ्यापुरता नाही. कापड, जाळ्याचे सूत, टोपली, सुकवलेली केळी या सर्वांच्या बाबतीत कमीअधिक प्रमाणात तो घडत आला आहे. म्हणून या लेखात वसई भागातील निरनिराळ्या सुतांचा व काही स्थानिक मालाचा विचार केला आहे. माल आपला आहे काय, हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच तो चांगला आहे काय, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. आणि या दोहोंपैकी एकच प्रश्न विचारणाऱ्या ग्राहकाची बहुधा फसगत होते.

केळीच्या सोपाचा दोरा

वसईची केळी फार जुन्या काळापासून नावाजलेली आहेत. बसराई, मुठेळी, तांबडी, राजेळी, सोनकेळी अशा अनेक जाती या भागात लावल्या जात. लोंगर काढून घेतल्यावर मूळ झाडाचे काम संपते व मुनवे वाढीस लागतात. उरलेला बुंधा म्हणजे एकावर एक गच्च बसलेल्या पानांच्या देठांचे थर होत. याच थरांना सोप किंवा सोपट म्हणतात. बाहेरचे सोप सुकून तपकिरी झाले की त्यांच्या उभ्या चिरफळ्या निघतात. त्या पाण्याने किंचित ओलावल्या म्हणजे मऊ होतात, गाठ चांगली धरतात आणि फुलाचा कोवळा देठ कापीत नाहीत. कापसाचा बारीक दोरा ताणून बांधल्यास देठात रुततो. नायलॉनचा तर सुरीसारखा रुततो. सोपाची पट्टी रुंद व चपटी असल्यामुळे हा दोष तिच्यात नाही. शिवाय ओलावलेली पट्टी काही वेळ थंडावा धरून ठेवते, हा लाभ वेगळाच.

दुसरा फायदा गजरा सुकल्यानंतरचा आहे. देवळांतील व घरांतील निर्माल्य खताच्या खड्ड्यात टाकण्याची चाल आता पुष्कळ ठिकाणी पडली आहे. सोप व कापूस हे दोन्ही त्या खड्ड्यात कुजून जातात. प्लॅस्टिकचा किंवा नायलॉनचा दोरा मात्र खतात तसाच राहतो, पुढे शेतात येतो आणि कुदळीला, पॉवर टिलरच्या पात्याला गुंडाळला जातो. ज्या बागायतदाराने असा गुंता एकदा सोडविला आहे, त्यास याविषयी अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

सोप काढताना काही पथ्ये पाळावी लागतात. उभ्या, न विणलेल्या केळीचे हिरवे सोप सोलू नयेत. त्यामुळे बुंधा उघडा पडून झाड दुबळे होते. लोंगर उतरविल्यानंतर बुंधा एकदम जमिनीलगत न तोडता टप्प्याटप्प्याने तोडावा, अशी शिफारस केली जाते, कारण त्यातील अन्नरस काही काळ मुनव्यांस मिळत राहतो. या मुदतीत बाहेरचे सुके थर काढून घेतल्यास पिकाचे काहीही नुकसान होत नाही. उलट जुने बुंधे बागेत तसेच पडू दिल्यास त्यांत सोंडकिडीला आश्रय मिळतो. पर्णगुच्छ रोगाची लक्षणे असलेले झाड मात्र सोपासाठी मुळीच वापरू नये. हा विषाणुजन्य रोग माव्याच्या द्वारे पसरतो, आणि मावा सोपांच्या बेचक्यांतच दडून राहतो. असे झाड मुळासकट काढून नष्ट करणे हाच एक मार्ग आहे.

सोपाची पट्टी व केळीचा वाख यांत फरक आहे, तो येथे सांगितला पाहिजे. पट्टी हाताने फाडली जाते व बांधण्याच्या उपयोगी पडते. वाख म्हणजे सोपातील गर खरवडून काढल्यावर उरणारा चकचकीत तंतू. तो यंत्राने काढता येतो व त्यापासून दोर, चटया, पिशव्या, हातकागद आणि काही प्रमाणात कापडही होते. या तंतूच्या उपयोगाविषयी मुंबईत माटुंगा येथील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत काम झाले आहे. ही संस्था १९२४ साली कापसाच्या परीक्षणासाठी प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली. परंतु वाखाच्या धंद्याविषयी उत्साहाच्या भरात वाटेल ते सांगितले जाते, त्यापासून शेतकरी बंधूंनी सावध राहावे. बुंध्याचे बहुतेक वजन पाण्याचे असते. ताज्या बुंध्याच्या वजनाच्या मानाने वाख शेकडा एकाच्या आसपासच मिळतो. म्हणजे बुंधे यंत्रापर्यंत वाहून नेण्याचा खर्च हाच या धंद्यातील खरा अडसर होय. ज्या गावात केळीचे सलग क्षेत्र आहे तेथे यंत्र परवडेल. वसईत, जेथे वाड्या लहान असून त्यांच्यामध्ये इमारती उभ्या राहिल्या आहेत, तेथे ते परवडेलच असे नाही. सोपाच्या पट्टीस मात्र यंत्र लागत नाही आणि भांडवलही लागत नाही.

जाळ्याचे सूत: एक वेगळा धडा

वसईच्या सुताची दुसरी कथा समुद्रकाठी घडली. अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर या कोळीवाड्यांतील डोल जाळे सर्वपरिचित आहे. भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांना किंवा नांगरांना बांधून ठेवलेल्या या पिशवीसारख्या जाळ्यात बोंबील, जवळा, करंदी सापडतात. पूर्वी ही जाळी तागाच्या व कापसाच्या सुताची असत. सूत कातणे, त्यास पीळ देणे, जाळे विणणे व फाटलेले जाळे तुणणे हे काम कोळी कुटुंबांतील मंडळीच करीत. अर्थात सूत पूर्णपणे गावचे होते.

त्यात एक मोठा दोष होता. वनस्पतिजन्य सूत पाण्यात कुजते. त्यामुळे जाळे वारंवार किनाऱ्यावर आणून वाळवावे लागे. झाडांच्या सालीच्या कषायात ते बुडवून काढावे लागे. इतके करूनही त्याचे आयुष्य थोडेच असे. वाळत टाकलेल्या जाळ्याचा दिवस म्हणजे मासेमारीचा बुडालेला दिवस. एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस व त्यानंतर कृत्रिम धाग्याची जाळी भारतीय किनाऱ्यावर आली. १९५७ साली कोचीन येथे स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने त्यांवर प्रयोग केले. न कुजणारे, हलके व बळकट असे हे सूत पाहिल्यावर कोळी बांधवांनी तागाची जाळी सोडून दिली, यात नवल नाही. केवळ आपले म्हणून तागाच्या सुताचा आग्रह धरणे म्हणजे त्यांना अर्धपोटी राहण्यास सांगण्यासारखेच झाले असते.

पुढे हेच कृत्रिम सूत देशात निर्माण होऊ लागले. सातारा जिल्ह्यातील वाई येथे व पुण्यात मासेमारीची जाळी आणि दोर यांचे मोठे कारखाने उभे राहिले. आज महाराष्ट्रातील कोळ्यास महाराष्ट्रात तयार झालेले जाळे विकत घेता येते. म्हणजे गावचे सूत गेले, परंतु देशाचे सूत आले. ही देवघेव लाभाची झाली की हानीची, याचा हिशेब एका वाक्यात मांडता येणार नाही. घरातील कातण्याचे काम गेले हे खरे. त्याबरोबर रोजचे जाळे वाळविण्याचे कष्टही गेले. एक नवी आपत्ती मात्र आली. तागाचे हरवलेले जाळे समुद्रात काही काळाने नाहीसे होई. नायलॉनचे हरवलेले जाळे वर्षानुवर्षे मासे अडकवीत राहते, आणि ते मासे कोणाच्याही टोपलीत येत नाहीत. फाटके जाळे समुद्रात सोडून न देता किनाऱ्यावर आणणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

जाळ्याचे सूत घेताना दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. नायलॉन पाण्यापेक्षा जड असून बुडते व ओले झाल्यावर त्याची ताकद काहीशी कमी होते. पॉलिथीनचे सूत पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगते. कोणत्या जातीच्या जाळ्यास कोणते सूत, हे त्यावरून ठरते. दोन्ही प्रकार सतत उन्हात राहिल्यास कमजोर होतात. सबब वापरात नसलेले जाळे सावलीत ठेवावे. तागाच्या जाळ्याला ऊन दाखविण्याची जुनी सवय येथे उपयोगाची नाही.

कापसाचे सूत व कापड

वसईत कापूस पिकत नाही. येथील मुसळधार पाऊस व किनाऱ्याकडील खारी जमीन त्या पिकास मानवत नाही. तथापि मुंबईच्या गिरण्यांचे सूत या भागास फार पूर्वीपासून परिचित आहे. मुंबईची पहिली सूतगिरणी १८५४ साली स्थापन झाली व दोन वर्षांनी सूत काढू लागली. १८६७ साली विरारहून मुंबईस आगगाडी सुरू झाली. त्या गाडीने वसईची भाजी, फुले, केळी मुंबईस जाऊ लागली आणि परतीच्या वाटेने सूत व कापड येऊ लागले. गिरण्यांच्या वाढीपूर्वीपासूनच विलायती सुताचा व कापडाचा लोंढा देशात येत होता, आणि त्याविरुद्धचा पहिला विचारपूर्वक आवाज महाराष्ट्रातच उठला. सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी हे १८७७ च्या दिल्ली दरबारास हातच्या सुताची जाडीभरडी खादी अंगावर घालून उपस्थित राहिले होते. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या चळवळीस व पुढे चरख्यास जी व्याप्ती मिळाली, तिच्या कितीतरी अगोदरची ही गोष्ट आहे. १९२४ साली तर राष्ट्रीय सभेच्या सभासदाने दरमहा २,००० वार सूत द्यावे, असा नियम झाला होता. तो फार काळ टिकला नाही. परंतु सूत कातणे किती कष्टाचे आहे, हे अनेक सुशिक्षितांस त्यामुळे प्रथमच समजले असावे.

आज वसईतील ग्राहकाने कापड घेताना ‘देशी’ या शब्दाचा अर्थ नीट तपासला पाहिजे. कापूस कोठला, सूत कोठे कातले, कापड कोठे विणले आणि कपडा कोठे शिवला, हे चार निराळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर ‘येथे’ असले म्हणून बाकीच्यांचेही तेच असते असे नाही. चिंचोटी-कामण रस्त्याने वसईहून सहज गाठता येणारी भिवंडी ही देशातील यंत्रमागाची मोठी पेठ आहे. पण भिवंडीत विणले जाणारे कापड सगळे कापसाचे नसते, त्यात कृत्रिम धाग्याचा वाटा फार मोठा आहे. यवतमाळ वा जळगावच्या कापूस उत्पादकाच्या हाती ग्राहकाचा पैसा पोचावा अशी इच्छा असेल, तर कापड देशात विणले एवढ्याने भागत नाही. ते कापसाचे असले पाहिजे. तरीही, कपाशीच्या बोंडातून निघणाऱ्या कापसात रुई साधारण एक-तृतीयांशच असते व बाकीचे वजन सरकीचे असते. पुढे पिंजणे, कातणे, विणणे, रंगविणे या प्रत्येक पायरीवर किंमत वाढत जाते. शेतकऱ्याचा वाटा त्यात थोडाच असतो, ही वस्तुस्थिती कोणत्याही छापील चिठ्ठीने झाकली जात नाही.

सूत पारखणे हे अवघड काम नव्हे. सुताचा जाडपणा अंकावरून समजतो. प्रचलित पद्धतीत ८४० वारांची एक लडी धरतात, आणि एका पौंडात जितक्या लड्या भरतात तितका त्या सुताचा अंक होय. २० अंकी सुताच्या एका पौंडात १६,८०० वार भरतात. ४० अंकी सुतात ३३,६०० वार. अंक जितका मोठा तितके सूत बारीक. चादर, पंचा, झोळी यांस कमी अंकाचे जाड सूत टिकाऊ पडते. सदरा किंवा लुगडे यांस बारीक सूत हवे. मोठा अंक म्हणजे उंची माल, हा समज सर्वत्र पसरला आहे. तो बरोबर नाही. शेतात घालावयाच्या कपड्यास ऐंशी अंकी सूत घेणे म्हणजे पैसे खर्चून फाटके कपडे विकत घेणे होय.

पीळ पाहण्यासाठी सुताचे एक टोक धरून उलट फिरवावे. फार लवकर सुटणारा पीळ कच्चा समजावा. असे सूत विणताना तुटते व कापडावर लव उठते. कापड घेताना ते दोन्ही हातांनी चोळून पाहावे. पांढरी भुकटी पडली तर त्यात खळ जास्त आहे असे ओळखावे. एका धुण्यात असे कापड विरळ व लुळे होते. उजेडासमोर धरल्यास उभ्या व आडव्या सुतांची घनता स्पष्ट दिसते. धाग्याची जात ओळखण्याची सर्वांत खात्रीची घरगुती कसोटी जाळण्याची आहे. कापसाचा धागा कागदाप्रमाणे जळतो व त्याची मऊ राख होते. लोकर व रेशीम यांना जळलेल्या केसांसारखा वास येतो. पॉलिस्टर व नायलॉन वितळून त्यांचा कठीण मणी बनतो. मिश्र धाग्यात राख व मणी दोन्ही आढळतात. ही कसोटी अर्थातच दुकानात नव्हे, तर घरी, काठातून काढलेल्या एखाददुसऱ्या धाग्यावर, पाण्याचे भांडे जवळ ठेवून करावी.

खादीचे सूत थोडेसे ओबडधोबड असते. हातच्या सुतात जाड-बारीक भाग येणारच; पूर्णपणे एकसारखे सूत दिसल्यास ते हातचे नसण्याचा संभव अधिक. मात्र अंबर चरख्याचे सूत बऱ्यापैकी एकसारखे असते, म्हणून केवळ डोळ्यांवर भिस्त ठेवू नये. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या व मुंबईत इर्ला, विलेपार्ले येथे मुख्य कार्यालय असलेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१३ पासून खादीस स्वतंत्र चिन्ह लागू केले आहे. हातमागाच्या कापडासाठी २००६ पासून निराळे चिन्ह आहे. हातमागाचे कापड गिरणीच्या सुताचेही असू शकते; खादीस सूतही हातचेच हवे. दुकानदारही या दोहोंत पुष्कळदा गल्लत करतात.

लोकरीविषयी येथे दोन शब्द पुरेत. स्वेटरची बहुतेक लोकर लुधियानाकडून येते, परंतु तिच्यातील मऊ मेंढीची लोकर मूळची बव्हंशी ऑस्ट्रेलियाची असते. महाराष्ट्रातील दख्खनी मेंढीची लोकर भरड आहे. तिचे घोंगडे उत्तम होते, तान्ह्या बाळाचे टोपरे नव्हे. वसईच्या हवेत घोंगड्याची गरज थोडी, हे खरे; पण पावसाळ्यात रात्री राखणीस जाणाऱ्या शेतकऱ्यास त्याचे मोल ठाऊक आहे.

आगाशीची सुकेळी

सुतावरून मालाकडे वळताना राजेळी केळ्यापासून होणाऱ्या सुकेळीचा विचार प्रथम करणे योग्य होईल. कारण वसईचा म्हणून ज्या पदार्थाकडे निःशंकपणे बोट दाखविता येईल, असा हा पदार्थ आहे. आगाशी व आसपासची गावे त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहेत. पूर्ण पोसलेले राजेळी केळे झाकून, ऊब देऊन पिकवितात, सोलतात व उन्हात मांडवावर पसरून वाळवितात. रात्री दव लागू नये म्हणून ते झाकावे लागते. हा क्रम सुमारे आठवडाभर चालतो. त्यात साखर किंवा तेल काही घालीत नाहीत. फळातील साखर वाळताना घट्ट होते आणि तिच्याच बळावर सुकेळी टिकते. शेवटी ती केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून सोपाने बांधतात. म्हणजे फळ, वेष्टन व दोरा तिन्ही एकाच झाडाची. बंदिस्त डबा व चकचकीत कागद यांच्या आजच्या जमान्यात इतके काटकसरी वेष्टन क्वचितच पाहावयास मिळते.

सुकेळीचा भाव ताज्या केळ्याच्या मानाने पुष्कळ अधिक असतो व त्याविषयी ग्राहक कुरकुर करतात. वाळताना पाण्याचा मोठा भाग उडून जातो, सालीचे वजन आधीच गेलेले असते आणि आठ दिवसांची राखण असते, हे ध्यानी घेतल्यास भाव अवाजवी वाटणार नाही. अवेळी ढग आले तर सगळी खेप बुरसते. हा धोकाही उत्पादकच सोसतो. म्हणून घासाघीस करण्यापेक्षा ग्राहकाने माल नीट पाहावा. चांगली सुकेळी तांबूस-तपकिरी, लवचिक व किंचित चिकट असते. बोटांना रस लागत असेल तर ती कमी वाळलेली आहे, लवकर आंबेल. लाकडासारखी टणक झालेली जास्त वाळलेली किंवा जुनी समजावी. पृष्ठभागावर साखरेचे बारीक कण दिसणे हा दोष नव्हे. परंतु पांढरी वा हिरवट लव दिसल्यास तो बुरशीचा परिणाम होय, आणि तो भाग कापून उरलेला खाणे इष्ट नाही.

या ठिकाणी उत्पादकांसही काही सांगणे प्राप्त आहे. गावचा माल म्हणून ग्राहक एकदा येतो. दुसऱ्यांदा येतो तो मालाच्या गुणामुळे. वरच्या थरात निवडक सुकेळी व खाली मोडकी, फुलांवर पाणी मारून वजन वाढविणे, जुडीच्या मध्यभागी शिळी भाजी दडविणे, हे प्रकार बाजारात चालतात. त्याने होणारे नुकसान एका विक्रेत्याचे नसून सबंध गावच्या नावाचे असते. खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान उत्पादकासही अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी आवश्यक आहे. महिला बचत गटांनी तरी ती अवश्य करून घ्यावी. कारण नोंदणीवाचून मोठा दुकानदार माल ठेवून घेत नाही.

वसई तालुक्याच्या पूर्वेस तुंगारेश्वरच्या डोंगरपट्टीत बांबूच्या टोपल्या, सुपे विणणारे कारागीर आहेत. फुले व पालेभाजी यांस टोपली अधिक चांगली, कारण तिच्यात हवा खेळती राहते. टोमॅटोसारख्या दडपणाऱ्या मालास मात्र प्लॅस्टिकचा क्रेटच सोयीचा. येथेही वस्तूचा उपयोग पाहूनच निवड करावी.

वेष्टनावरील मजकूर

बंद वेष्टनातील माल घेताना त्यावरील बारीक अक्षरांतील मजकूर वाचण्याचा कंटाळा करू नये. २०११ च्या वेष्टित वस्तूंविषयीच्या वैधमापन नियमांनुसार उत्पादक, वेष्टन करणारा किंवा आयात करणारा यांपैकी संबंधिताचे नाव व पत्ता छापणे बंधनकारक आहे. आयात मालावर मूळ देशही द्यावा लागतो. ‘उत्पादक’ असे न लिहिता केवळ ‘वेष्टनकर्ता’ किंवा ‘विक्रेता’ असा उल्लेख असेल, तर माल दुसरीकडे तयार झालेला असण्याचा संभव आहे. पट्ट्यापट्ट्यांच्या सांकेतिक चिन्हाखाली ८९० हे आकडे असले की माल भारतीय, असा समज गावोगाव पसरला आहे. हे आकडे तो क्रमांक भारतातील संस्थेकडे नोंदविला आहे, एवढेच दर्शवितात. माल कोठे तयार झाला, हे त्यांवरून ठरत नाही.

भौगोलिक निर्देशन हे आणखी एक साधन होय. पालघर जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ साली व वाडा कोलम तांदुळास २०२१ साली असे निर्देशन मिळाले. वाडा कोलमच्या नावाने विकला जाणारा सगळाच तांदूळ वाडा तालुक्यातून येत असेल, असे मानण्याचे कारण नाही. नोंदणीकृत उत्पादकाचे नाव वेष्टनावर आहे किंवा नाही, हे पाहिल्याखेरीज त्या नावास जादा पैसे मोजू नयेत.

या सर्व विवेचनात वसईच्या दृष्टीने एक अडचण उरतेच. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर भरली. इतके ग्राहक वाडीच्या कुंपणाशी आल्यावर बागायतदाराचा उत्कर्ष व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात ग्राहकांसाठी घरे उभारताना वाड्याच कमी झाल्या, विहिरींच्या पाण्यात खारेपणा वाढल्याच्या तक्रारी आल्या, आणि नव्या वसाहतीतील रहिवासी परगावची केळी दुकानातून घेऊ लागला. त्यास राजेळी व बसराई यांतील भेद सांगणारा कोणी भेटला नाही, हा त्याचा अपराध म्हणता येणार नाही. आठवड्यातून एखादा दिवस अशा वसाहतींच्या आवारात गावच्या मालाची थेट विक्री झाल्यास दोघांचीही सोय होईल. दादरला जाण्यायेण्याचा वेळ व हमाली वाचेल, तो लाभ निराळा.

केळी व फळ प्रक्रिया यांविषयी मार्गदर्शन पालघर जिल्ह्यातील कोसबाड येथील कृषि विज्ञान केंद्रात मिळू शकते. सोपाचा दोरा करून पाहू इच्छिणाऱ्या भगिनींनी पावसाळा संपल्यावर, हवा कोरडी झाली म्हणजे आरंभ करावा. सुके, न किडलेले सोप निवडून सावलीत आणखी दोन-चार दिवस वाळवावेत, जुड्या बांधून माळ्यावर कोरड्या जागी ठेवावेत. हव्या तेवढ्या पट्ट्या आदल्या रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या, तर पहाटे फुले खुडून आणीपर्यंत त्या गुंफण्याजोग्या मऊ झालेल्या असतात.